कऱ्हाकाठावरून सहारकडे

आमच्या गावात कुणाचं परदेशी जायचं ठरलं की मोबाइलवर तिकीट आल्याआल्या ते माणूस माझ्या ओट्यावर येतं. मी शाळेत भूगोल शिकवला आणि माझी थोरली लेक लग्नानंतर अमेरिकेत राहायला गेली, त्यामुळं “बाईंना सगळं ठावं असतं” असा बोलबाला कऱ्हा नदीच्या दोन्ही काठांना झाला आहे. जर्मनीला शिकायला निघालेली पोरं येतात. आखातात कामाला निघालेले वायरमन, वेल्डर येतात. पण सगळ्यांत जास्त येतात त्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या बाया. पन्नाशी ओलांडलेल्या, जिरायतीत राबून हात खरखरीत झालेल्या, पुण्याच्या पलीकडं एकटीनं कधी न गेलेल्या. आणि आता त्यांना दोन विमानं बदलून डॅलसला नाहीतर म्युनिकला पोचायचं असतं.

बारामती-इंदापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यापुढं ऊस आणि साखर कारखाने येतात. नीरेच्या डाव्या कालव्याखाली ते चित्र खरं आहे. कालव्याचं पाणी जिथं चढत नाही त्या सुपे-मोरगावकडच्या भागात मात्र पाणी हंड्याच्या हिशेबानं वापरत पिढ्या गेल्या. इथली पोरं शिकली ती बाहेर पडायचं म्हणूनच शिकली. त्यांच्या मागून आता त्यांच्या आया निघाल्या आहेत, आणि मुंबईचा सहारचा विमानतळ ही आमच्या गावाची नवी वेस झाली आहे. ती ओलांडताना आमच्या बाईची मान खाली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिला भीती विमानाची नसते. आपल्याला काही माहीत नाही आणि ते चारचौघांत उघडं पडेल, याची असते. ओट्यावर बसून मी जे सांगते ते म्हणूनच इथं लिहून ठेवते.

१. निघायच्या दिवसावर गोल करा

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडं जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. फ्रँकफर्टच्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात विमानांच्या ठरलेल्या फेऱ्यांना बंदी आहे. युरोपातल्या इतर काही शहरांतही रात्रीचे असेच निर्बंध आहेत. म्हणून इथून रात्री एक-दोनला उडायचं आणि तिथं उजाडता उतरायचं, असं गणित बसवलेलं असतं.

गोंधळ इथंच होतो. आमच्याकडं कोंबडा आरवला की दुसरा दिवस. घड्याळात तो रात्री बारालाच सुरू झालेला असतो. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ०१:४० असेल तर घर ११ तारखेलाच सोडायचं. तिकीट दाखवायला कुणी आलं की मी आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला सांगते. त्यावर विमानाची तारीख मी मांडत नाही, घरून निघायच्या दिवसावर पेनानं गोल करते आणि खाली लिहिते: “सकाळी जेवून निघणे.”

वेळही उलटीकडून मोजायची. विमान ०१:४० ला, म्हणजे विमानतळावर रात्री १० ला हजर. बारामतीपासून पुणे साधारण १०० किलोमीटर, पुण्यापासून मुंबईचा विमानतळ आणखी दीडशेच्या घरात. पुणं ओलांडायला लागणारा वेळ आणि पनवेलच्या पुढची गर्दी धरली की दुपारी एकच्या आत गाडी हलायला हवी. कुणी म्हणतं, “बाई, येवढ्या लौकर जाऊन काय करायचं?” मी सांगते, बसायचं. तिथं बसायला चांगल्या खुर्च्या आहेत.

२. पालखीचं वेळापत्रक परदेशातल्या लेकरांना पाठवा

तिकीट बहुतेक वेळा तिकडची लेकरं काढतात. ती स्वस्त दिवस बघतात. आषाढीची वारी कोणत्या तारखांना आहे हे त्यांच्या ध्यानात राहत नाही.

तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड करत उंडवडीला येते, बारामतीत मुक्काम करते. मग काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. त्याच दिवसांत माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्ह्याकडं जाते. म्हणजे आमच्या भागातून पुण्याला जायचे दोन्ही मोठे रस्ते, मोरगाव-जेजुरी-सासवडचा आणि चौफुला-यवतचा, एकाच आठवड्यात वारकऱ्यांचे असतात. ते त्यांचेच असावेत. त्या रस्त्यावर हॉर्न वाजवत विमान गाठायला निघालेली गाडी मला बघवत नाही. अशा वेळी दोन दिवस आधीच पुण्यात नातलगाकडं मुक्कामाला जावं, वाटेत पालखीचं दर्शन घ्यावं आणि पुढं निघावं.

वारीसारखीच चतुर्थीची मोरगावची आणि सोमवती अमावस्येची जेजुरीची गर्दी ध्यानात ठेवायची. नोव्हेंबरापासून गळीत हंगाम असतो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस निघाला की अरुंद रस्त्यावर मागची गाडी मागंच राहते. जून ते सप्टेंबरात बोरघाटात धुकं आणि पाऊस. या सगळ्यासाठी अंदाजापेक्षा दोन तास जास्त धरा, एवढाच माझा नियम.

३. पासपोर्टावर आडनावाचा रकाना मोकळा नको

आमच्याकडच्या बाईची नावं किती! शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. पासपोर्ट काढताना ही सगळी कागदं एका रांगेत आणायला वेळ लागतो, म्हणून लेकीला दिवस गेल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात कामाला लागा. आणि पासपोर्टात नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरून घ्या. काही जुन्या पासपोर्टांत सगळं नाव एकाच रकान्यात घातलेलं असतं. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टावर नुसतं एकच नाव असलेल्या पाहुण्यांना प्रवेश बंद केला आहे.

तिकिटावरचं नाव पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. विमानतळाच्या दारातला जवान चेहरा, पासपोर्ट आणि तिकीट या तिन्हींचा मेळ घालतो.

४. एक जूनची लाज वाटून घेऊ नका

हा विषय मला जवळचा आहे, कारण मी ती रजिस्टरं हाताळली आहेत. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. बाळ जन्मलं तेव्हा कुठं नोंद झाली नाही. “दुष्काळाच्या साली, बेंदराच्या पुढंमागं” एवढंच आईला आठवायचं. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी वर्ष अंदाजानं धरलं आणि शाळेत घ्यायचं वय पुरं व्हावं म्हणून १ जून लिहून टाकली. नवरा १ जून, बायको १ जून, दीर १ जून, अशी घरंच्या घरं आहेत.

परदेशातल्या खिडकीवर एखादा अधिकारी दोन पासपोर्ट बघून थबकतो. बायांना वाटतं, आपलं काही खोटं सापडलं. तसं काही नाही. शाळेनं लिहिलेली तारीख सरकारनं मान्य केली, तीच तुमची तारीख. कुणी विचारलंच तर शांतपणे सांगा: तेव्हा खेड्यात जन्माची नोंद होत नसे, शाळेनं ही तारीख दिली. जी बाई शाळेची पायरी एकदाच, नाव घालायला चढली आणि पुढं आईच्या मागं खुरपायला गेली, तिनं या तारखेपायी खाली बघावं हे मला सहन होत नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’चा शेरा असू शकतो. आखाती आणि इतर काही ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांना त्यासाठी सरकारी परवानगी लागते. लेकीला भेटायला जाणाऱ्या आईनं त्याची चिंता करायचं कारण नाही.

५. खोबरं, खसखस, कापूर

बाळंतिणीसाठी नेण्याच्या सामानाची यादी आमच्याकडं ठरलेली असते: डिंक, अळीव, खारीक, सुंठ, मेथी, गोडांबी, खसखस, खोबऱ्याच्या वाट्या. यातल्या दोन जिनसांकडं नीट बघायला हवं.

सुकं खोबरं तेलकट असतं. बंद जागेत तापलं तर ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते ज्वालाग्राही मालात धरलं आहे. आपल्याकडं २०२२ पासून चेक-इन सामानात खोबऱ्याला मनाई आहे. यंत्रात वाट्या दिसल्या की बॅग बाजूला काढतात, उघडायला लावतात, आणि माय बिचारी हजार लोकांत आपले परकर-पोलकी आवरत बसते. खोबरं इथंच किसून, भाजून लाडवात घाला. लाडू खुशाल जातात.

खसखस त्याहून अवघड. आखातात ती अमली पदार्थात मोडते. अमिरातीत खसखशीपायी माणसं तुरुंगात गेली आहेत. सिंगापूरमध्येही तिला बंदी आहे. दुबई-अबुधाबीला जायचं असेल किंवा तिथं विमान बदलायचं असेल तर खसखशीचा दाणाही बॅगेत नको, मसाल्यातही नको, लाडवावर लावलेलीही नको. हे मी जरा दरडावूनच सांगते.

कापूर आणि काड्यापेटी देवाच्या पिशवीतून काढा. दोन्ही पेट घेणारी. मोबाइलची पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही. हातातल्या पिशवीत पातळ काही असेल तर १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीत. हा नियम २००६ च्या ऑगस्टात लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीला आल्यानंतर जगभर आला. तूप, लोणचं, काकवी मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. ओटीतला नारळ घरी ठेवा, तांदळाचे चार दाणे पदराला बांधा. ओटी पोचते.

पलीकडं उतरल्यावरचे नियम वेगळे. अमेरिकेत ताजी फळं, मटण आणि ताजा कढीपत्ता नेता येत नाही. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि त्यावरच्या किडीनं तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो. ऑस्ट्रेलिया तर याहून कडक. तिथल्या कागदावर “खायचं सामान आहे का?” असं विचारलेलं असतं, तिथं ‘होय’ लिहा. सांगितलेल्या वस्तूवर फार तर पाणी सोडावं लागतं. लपवलेल्या वस्तूवर दंड होतो.

बॅगेचं वजन घरीच करा. दूध डेअरीच्या काट्यावर संध्याकाळचं संकलन झाल्यावर कुणीही करू देतं. २३ किलोची मर्यादा असेल तर २२ वर थांबा.

६. निरोप घरीच उरकून घ्या

एका बाईला सोडायला दोन जीप भरून माणसं निघतात. मला हे आवडतं. एवढ्या लांबच्या प्रवासाला माणूस निघालंय, तर चार माणसांनी वेशीपर्यंत जावंच. पण सहारच्या उन्नत मार्गानं गाडी थेट टर्मिनल २ च्या वरच्या मजल्यावर पोचते आणि तिथं तिला फार वेळ थांबू देत नाहीत. बिनतिकिटाच्या माणसाला दारातून आत सोडत नाहीत. पाया पडणं, रडणं, पोराटोरांचे मुके घेणं हे सगळं घाईत उरकतं, आणि गडबडीत पासपोर्टाची पिशवी सुनेच्या खांद्यावर राहते.

म्हणून कुंकू, ओटी, पाया पडणं घरच्या उंबऱ्याशी करा. देवाला नारळ फोडा, मोरगावच्या वाटेनं जाणार असाल तर मयूरेश्वराला हात जोडा. मुंबईला दोनच माणसं जाऊ द्या. ट्रॉलीवर सामान चढवून दिलं की पासपोर्ट, तिकीट, चष्मा, औषधं या चार वस्तूंवर बाईनं स्वतःचा हात ठेवून बघायचा आणि मग मागं न बघता आत शिरायचं.

७. चाकाच्या खुर्चीवर बसण्यात कमीपणा नाही

१२ फेब्रुवारी २०१४ ला टर्मिनल २ सुरू झालं. छताचे उंच खांब वर जाऊन मोराच्या पिसाऱ्यासारखे फुलतात, आणि भिंतीभिंतीवर देशभरच्या कारागिरांची कामं मांडली आहेत. जुने दरवाजे, झरोके, मूर्ती, होड्यांचे कोरीव भाग. घाईत कुणी बघत नाही. आपण वेळेवर गेलो की बघायला मिळतं. माझ्या चुलत सासूबाई तिथल्या एका लाकडी दारापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आपल्या वाड्याचं दार असंच व्हतं.” त्यानंतर त्यांच्या अंगातलं कापरं थांबलं. ओळखीचं काहीतरी दिसलं की माणूस स्थिर होतं.

चालायला मात्र फार आहे. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. त्याचे पैसे पडत नाहीत. खुर्ची ढकलणारा कर्मचारी रांगांमधून नेतो आणि विमानाच्या दारापर्यंत सोडतो. मधल्या शहरात विमान बदलायचं असेल तर तिथंही दुसरा माणूस घ्यायला येतो. वाचता न येणाऱ्या बाईला परक्या विमानतळावर याहून मोठा आधार नाही. “मी काय लुळी हाय का खुर्चीवर बसायला?” असं म्हणणाऱ्या बायांना मी सांगते, उन्हातान्हात बिनचपलेनं चाललेल्या पायांना एवढा मान घेऊ द्या.

एक कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून गळ्यात घाला. त्यावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी: नाव, पुढच्या विमानाचा नंबर, लेकीचा पत्ता आणि फोन, औषधं, आणि “मला फक्त मराठी येतं”.

विमान उशिरा सुटलं तर आपलंच काही चुकलं असं समजू नका. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळं एका वेळी एकीवरूनच विमानांची ये-जा चालते. देशातल्या सगळ्यांत गजबजलेल्या विमानतळांपैकी हा एक. मिनिटामिनिटाला विमान चढतंय-उतरतंय, त्यात जोराचा पाऊस आला की सगळी रांग मागं सरकते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर डागडुजीसाठी धावपट्ट्या काही तास बंदही ठेवतात, पण ते आधी जाहीर केलेलं असतं.

८. “म्या काय बोलणार त्या सायबापुढं?”

खरं बोलायचं, आणि थोडं बोलायचं. अमेरिकेतला अधिकारी विचारतो: कशाला आलात, कुणाकडं, किती दिवस. उत्तर: लेकीकडं आले, तिचं बाळंतपण आहे, अमुक महिन्यात परत जाणार, हे परतीचं तिकीट. बाया हे माझ्यापुढं उभ्या राहून घोकतात. मी अधिकारी होते, जरा आवाज चढवून विचारते. दोन-तीनदा झालं की त्यांचा आवाजही सुटतो. भाषा अडली तर “मराठी” एवढा एक शब्द ठणकावून म्हणा. दुभाष्या मागता येतो, फोनवरूनही मिळतो. साडी नेसूनच जा. सवयीच्या कपड्यात माणसाला धीर असतो.

९. आपल्या पायाखाली भेंडी असते

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, कारण ती ऐकली की विमान परकं वाटत नाही.

प्रवासी विमानात माणसांच्या पायाखाली मोठं पोट असतं. त्यात बॅगा असतातच, शिवाय माल असतो. मुंबईहून लंडनला, आखाताला जाणाऱ्या विमानांच्या पोटातून भेंडी, हिरवी मिरची, शेवगा, डाळिंबाचे सोललेले दाणे असा नाशवंत माल जातो. आमच्या घरचा भेंडीचा प्लॉट निर्यातीला लावलेला असतो तेव्हा पहाटे तोडणी होते, दुपारपर्यंत गाडी पॅकहाउसला, आणि पुढं वाशी, मग सहारचा मालविभाग. वर सीटवर आई, खाली तिच्याच शिवाराची भाजी, असं होऊ शकतं. द्राक्षं आणि बरीचशी डाळिंबं मात्र न्हावाशेव्याहून कंटेनरनं, जहाजानं जातात. जड माल, टिकणारा माल समुद्रानं स्वस्त पडतो.

मार्च २०२० मध्ये करोनामुळं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली तेव्हा हे नातं सगळ्यांना कळलं. माणसं थांबली म्हणून विमानांची पोटं थांबली, जी थोडी मालवाहू विमानं राहिली त्यांचं भाडं आभाळाला गेलं, आणि निर्यातीचा माल गावोगाव बांधावर पडला.

दुसरा धडा त्याआधीचा. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारतातला आंबा आणि कारलं, वांगं, पडवळ, अळूची पानं यांच्यावर बंदी घातली. काही खोक्यांत फळमाशी आणि कीड सापडली होती. आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठली, पण तोवर एक हंगाम गेला. एका खोक्यातली अळी सगळ्या देशाचं दार बंद करते. म्हणून निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, तोडणीआधी थांबायचे दिवस याबद्दल मी पोरांना कंटाळा येईपर्यंत बोलते. २०२३ मध्ये ताज्या डाळिंबाची चाचणीची पहिली खेप विमानानं अमेरिकेला गेली, तेव्हा इंदापूरकडच्या डाळिंबवाल्या भावांना किती बरं वाटलं होतं ते मी पाहिलं आहे. तो रस्ता उघडा ठेवणं आपल्या हातात आहे.

१०. धावपट्टी कुणाच्या तरी रानातून जाते

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरं झालं आणि काठची काळी रानं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा आमची म्हातारी माणसं तिकडं बोट करून कुणाचा वाडा कुठं होता ते सांगतात. त्या पाण्यानं पुढं सोलापूरकडची रानं भिजली, हे मी भूगोलाच्या तासाला शिकवलं. ज्यांची गेली त्यांना काय मिळालं आणि किती वर्षांनी मिळालं, हे पुस्तकात नव्हतं. ते मी माझ्या पदरचं सांगत असे.

सहार हेही एका गावाचं नाव आहे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. नव्या मुंबईचा विमानतळ ज्या जमिनीवर उभा राहिला तिथली उलवे, कोपर, चिंचपाडा, ओवळे, तरघर, कोंबडभुजे अशी गावं उठली. त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी त्याआधीच, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला लढा दिला होता. पाच जणांचे जीव गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत मिळावी, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं.

आता हाच प्रश्न आमच्या नदीच्या वरच्या अंगाला आला आहे. २०१६ मध्ये पुरंदरला आंतरराष्ट्रीय विमानतळ करायचं जाहीर झालं. पारगाव मेमाणे, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी ही त्यासाठी ठरवलेली सात गावं. आमच्या सोयरिकी आहेत तिथं. अंजीर, सीताफळ, पेरू यांच्या बागा आहेत. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. खानवडीशी महात्मा फुल्यांच्या घराण्याचं नातं आहे. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोननं मोजणी करायला यंत्रणा आली तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले.

मला विमानतळ नकोसा नाही. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर चालतो. त्याला मर्यादा आहेत, आणि आमच्या आयांना बोरघाट उतरावा लागू नये असं मलाही वाटतं. पण ज्या बाईची अंजिराची बाग जाणार, तिला नकाशा ड्रोनच्या आधी दिसला पाहिजे. भाव, बदली जमीन, घरातल्या पोरांचं काम, यावर तिच्यासमोर बसून, तिच्या भाषेत, लेखी बोललं गेलं पाहिजे. सातबारा बहुधा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतो, म्हणून तिला कुणी विचारतच नाही. बाग पाण्यावाचून जगवलेली असते ती तिनं. उजनीच्या वेळी माझ्या आईला कुणी विचारलं नाही. यावेळी विचारा, एवढं मागायचा हक्क इंदापूरच्या लेकीला आहे असं मी मानते.

११. तिकिटावरची तीन अक्षरं वाचा

२५ डिसेंबर २०२५ पासून नव्या मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. म्हणजे एका मुंबईला आता दोन विमानतळ. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर सहार, ‘एनएमआय’ असेल तर पनवेल-उलव्याकडचा नवा. द्रुतगती मार्गावरून उतरून येणाऱ्या आपल्या लोकांना नवा फार सोयीचा आहे, पण चुकीच्या दारात उभं राहिलं तर खाडी ओलांडून दुसरीकडं पोचेपर्यंत विमान गेलेलं असेल. गाडीवाल्यालाही निघतानाच सांगा.

१२. गाडीवाल्याला झोपू द्या

विमानात जीव मुठीत धरून बसलेली माणसं परतीच्या गाडीत निर्धास्त होतात, आणि खरा धोका तिथं असतो. विमान बहुधा रात्री उतरतं. गाडीवाला आदल्या सकाळी गावाहून निघालेला असतो, विमानतळाबाहेर पार्किंगमध्ये मच्छर मारत बसलेला असतो, आणि पहाटे तीनला त्याच्या हातात आपण सगळं घर देतो. द्रुतगती मार्ग सरळ, गुळगुळीत. डुलकी लागायला त्याच्याइतका वाईट रस्ता नाही. सहा महिन्यांनी आई घरी येणार म्हणून सगळ्यांना घाई असते. गाडीवाल्याचीही आई घरी वाट बघत असते.

मी ज्यांना सांगते त्यांच्याकडून हे कबूल करून घेते: विमान रात्री उतरणार असेल तर गाडीवाल्याचे खोलीचे पैसे आपण द्यायचे, त्याला संध्याकाळी जेवू घालून चार तास झोपवायचं. उतरलेल्या माणसालाही पनवेलकडं कुणी ओळखीचं असेल तर तिथं अंघोळ-चहा होऊ द्यावा. घाट उजाडल्यावर चढावा. सासवडला नाष्टा करावा. गावात पोचायला दुपार झाली तरी चालेल, भाकरी थापायला घरात माणसं आहेत.